ठिपकीची बशी आणि गारठलेली फटफटी

विषय : बशीत दूध न पडल्याबाबत.
अर्जदार : ठिपकी. मांजरीचे पिल्लू. राहणार ओसरी, पोत्यावर.
कारण : थंडी.

सकाळ झाली. धुके पडले. ठिपकी उठली. कुडकुड कुडकुड.

ठिपकीची एक बशी होती. निळ्या काठाची. एका कडेला टवका उडालेली. रोज सकाळी बशीत दूध असायचे. आज नव्हते.

ठिपकीने बशी चाटली. बशी गार. बशी रिकामी.

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. खुंटीवर दुधाची किटली होती.

“किटली किटली, दूध दे.
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

किटली म्हणाली, “मी कुठून देऊ? मीच रिकामी. फटफटी डेअरीवर गेली, तर मी भरेन.”

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. अंगणात सदूकाकांची फटफटी उभी होती. फार म्हातारी. अंगभर दव.

“फटफटी फटफटी, डेअरीवर जा.
किटली भरेना,
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

“फुस्स,” फटफटी म्हणाली. “माझे इंजिन गारठले. माझे तेल घट्ट झाले. प्लगने ठिणगी टाकली, तर मी निघेन.”

प्लग फटफटीच्या इंजिनात बसला होता. घट्ट. ठिपकीने खालून हाक मारली.

“प्लग प्लग, ठिणगी टाक.
फटफटी हलेना,
किटली भरेना,
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

प्लग म्हणाला, “माझे तोंड बघ. काजळीने काळे झाले. धुवायला बाहेर यावे लागेल. मी आपणहून बाहेर येत नाही. तशी पद्धत नाही. पान्ह्याने फिरवले, तर मी येईन.”

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पायरीखाली हत्यारांचा डबा होता. डब्यात पान्हा होता.

“पान्ह्या पान्ह्या, प्लग काढ.
प्लग पेटेना,
फटफटी हलेना,
किटली भरेना,
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

पान्हा म्हणाला, “मी तयार आहे. मी नेहमीच तयार असतो. पण मला हात नाहीत. काकांनी उचलले, तर मी फिरेन.”

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. खोलीत सदूकाका होते. गोधडीत. नाक तेवढे बाहेर. घुर्रर्र, घुर्रर्र.

“काका काका, उठा.
पान्हा फिरेना,
प्लग पेटेना,
फटफटी हलेना,
किटली भरेना,
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

काका म्हणाले, “अगं, काय ही थंडी! आधी चहा. घोटभर चहा पोटात गेला, तर मी उठेन.”

गोधडी वर सरकली. नाकही आत गेले.

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. स्वयंपाकघरात कमळकाकू होत्या. शेगडीवर हात शेकत.

“काकू काकू, चहा ठेवा.
काका उठेनात,
पान्हा फिरेना,
प्लग पेटेना,
फटफटी हलेना,
किटली भरेना,
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

काकू म्हणाल्या, “साखर आहे. आलं आहे. दूध कुठंय?”

“कोरा ठेवा,” ठिपकी म्हणाली.

“कोरा? यांना? एकदा दिला होता. दिवाळीत दिला, संक्रांतीपर्यंत बोलत होते. नको गं बाई. किटलीत दूध आलं, तर मी चहा ठेवीन.”

ठिपकी निघाली. तुरुतुरु... तुरु. खुंटीवर किटली होती.

“किटली किटली, दूध दे.
काकू चहा ठेवीनात,
काका उठेनात,
पान्हा फिरेना,
प्लग पेटेना,
फटफटी हलेना,
किटली भरेना,
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

किटली म्हणाली, “तुझे म्हणणे कळले. पण मी रिकामी. फटफटी डेअरीवर गेली, तर मी भरेन.”

ठिपकी बघतच राहिली. हे तर तिने ऐकले होते! इथूनच तर ती निघाली होती!

सगळे बरोबर बोलत होते. कोणी खोटे बोलत नव्हते. दूध मात्र नव्हते.

ठिपकी खाली बसली. म्याँव. एवढेसेच. कोणी ऐकले नाही. तिचे पाय गार. तिचे कान गार. तिचे नाक तर बर्फ!

नाक बर्फ?

ठिपकी उठली. तुरुतुरु तुरुतुरु. गोधडीत शिरली. नाक लावले. काकांच्या पाठीला. मधोमध.

“आई गंऽऽ!”

काका उठले. पान्हा उचलला. पान्हा फिरला. कर्र कर्र. प्लग बाहेर आला.

“अहो, आज चहाशिवाय उठलात?” काकूंनी विचारले.

“उठलो कसला! उठवलंय मला. प्लग धुवायला एखादं भांडं दे.”

“माझी भांडी नाही मिळायची!”

काकांनी इकडे पाहिले. काकांनी तिकडे पाहिले. ओसरीवर एक बशी दिसली. निळ्या काठाची. रिकामी.

“ही चालेल,” काका म्हणाले.

काकांनी बशीत पेट्रोल ओतले. प्लग धुतला. घासर घासर घासला. कोरडा पुसला. तोंड कसे चकचकीत! प्लग परत जागेवर बसला. काकांनी चोक ओढला. किक मारली.

खट्, फुस्स.
खट्, फुस्स.

“चल गं म्हातारे,” काका म्हणाले.

खट्... फट्! फट् फट् फट् फट्!

प्लग पेटला. फटफटी हलली. डेअरीवर गेली. किटली भरली. फटफटी परत आली. काकूंनी चहा ठेवला. काकांनी चहा घेतला. भुर्रर्र. मग आणखी एक कप. भुर्रर्र.

ठिपकी बशीपाशी बसली. पाय जवळ घेऊन. शेपूट गुंडाळून. आता पडेल दूध!

काकू किटली घेऊन आल्या. वाकल्या. त्यांनी नाक धरले.

“अहो! हिच्या बशीत काय केलंत?”

“प्लग धुतला.”

“आता यात दूध कसं घालू?”

“मग दुसरी बशी दे.”

“दुसऱ्या बश्या पाहुण्यांच्या आहेत.”

“कुठले पाहुणे?”

“येतील तेव्हा कळेल.”

काकूंनी बशी राखेने घासली. वास गेला नाही. त्यांनी बशी अंगणात ठेवली. तुळशीच्या कट्ट्यावर, पालथी.

“ऊन पडलं, तर वास जाईल,” काकू म्हणाल्या. “वास गेला, तर मी दूध घालीन.”

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कट्ट्यापाशी गेली. मान वर केली.

“उन्हा उन्हा, पड.
वास जाईना,
बशी रिकामी,
माझे पोट रिकामे!”

धुक्याच्या पलीकडून ऊन म्हणाले, “मी तयार आहे. धुके हटले, तर मी पडेन.”

ठिपकी फटफटीपाशी गेली. इंजिन अजून कोमट होते. ती इंजिनाला टेकून बसली आणि धुक्याकडे पाहू लागली.

ठिपकीचा अर्ज मिळाला. तो धुक्याकडे पाठवला. धुक्याचे उत्तर आलेले नाही.

अर्ज प्रलंबित आहे.