महाराज म्हणाले, येतो

गाडी तिसऱ्यांदा त्याच सराईच्या दारात येऊन थांबली, तेव्हा राजे त्रिविक्रमसिंहांनी डोळे मिटून घेतले. सराईवाली मात्र खूश होती. तिने तिसऱ्यांदा पान वाढायला घेतले.

महाराज तांबरद्वीप पाहून घरी निघाले होते. बंदर दोन कोसांवर. मायदेशी जाणारे गलबत दुपारी सुटणार, त्यानंतरचे चार महिन्यांनी. इकडे नातीचे बारसे आठवड्यावर आलेले. आणि गाडीवान कासिबो त्यांना दरवेळी पुलापर्यंत नेऊन परत आणत होता.

मराठी व्यापाऱ्यांची ने-आण करून कासिबोला चाळीसेक मराठी शब्द येत होते. दुर्दैवाने त्यांचे अर्थही येत होते. त्याने शांतपणे समजावले, "महाराज सराईवालीला म्हणाले, येतो. म्हणून आणले. तीनदा म्हणाले, तीनदा आणले. निघताना प्रवासी शेवटचा जो शब्द देतो, तो आम्ही पाळतो. शब्द नाही, तर गाडी नाही."

प्रधानजींनी भीतभीत सुचवले, की महाराजांनी एकदा 'जातो' म्हणून टाकावे.

"मी काय मरायला निघालोय?" महाराज गरजले. आजवर त्यांच्या घराण्यात दाराबाहेर पडताना कुणी 'जातो' म्हटले नव्हते. निरोप न घेता निघणेही घराण्यात बसत नव्हते. घराण्यात फक्त उशीर होणे बसत होते.

मग त्यांची नजर ठकूबाईवर गेली. ही त्यांची दासी. पानाचा डबा घेऊन ती तिन्ही वेळा गाडीमागून चालत गेली होती आणि चालतच परत आली होती.

"ठकू, मी जातो म्हणणार नाही. येतो म्हणायचं सोडणार नाही. तरी गाडी बंदरावर पोचली पाहिजे. नाहीतर गलबतात तुला जागा नाही, राहा इथंच."

फारच सोपे काम होते. आपले नाव निघाले नाही, म्हणून प्रधानजींना तर ते अधिकच सोपे वाटले.

ठकूबाईने कासिबोला विचारून घेतले, की शब्द सराईवालीलाच द्यावा लागतो का. तो म्हणाला, कुणालाही द्या. ज्याला दिला, त्याच्याकडे गाडी.

महाराज गाडीत बसले. सराईवालीला नेहमीसारखे "येतो" म्हणाले. कासिबोने लगाम उचलला, तोच ठकूबाईने पदर खोचला.

"महाराज, मी पुढं होते. गलबतावरच्या तांडेलाला काय निरोप सांगू?"

"काय सांगणार? येतो म्हणून सांग!"

"तांडेलाला शब्द!" कासिबो ओरडला आणि त्याने खेचरांना असे पिटाळले, की ठकूबाईला मागच्या फळीवर उडी मारावी लागली. प्रधानजींची पगडी पुलावरच राहिली.

बंदरावर गलबताचे दोर सोडणे चालले होते. महाराज धापा टाकत उतरले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, पण सराईवालीला दिलेल्या शब्दाचं काय?"

"तो तीनदा पाळलात की, महाराज. तीनदा जेवलात."

महाराज पोट धरधरून हसले. हसतहसतच, सवयीने, कासिबोकडे वळले. "बरंय गाडीवान, ये—"

ठकूबाईने चटकन विडा त्यांच्या तोंडात कोंबला.

विडा चघळत महाराजांनी हातातले सोन्याचे कडे काढून तिला दिले, गलबतात आपल्या शेजारची बैठक दिली, आणि पानाचा डबा त्या दिवसापासून प्रधानजींकडे दिला.