सोपानला उतारा समजला

एका गावात एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव सोपान खुरपे. गावच्या हायस्कुलात तो चौदा वर्षं घंटा देत होता. घंटा कधी चुकली नाही, कारण 'अकराला घंटा दे' म्हटलं की तो साडेदहापासूनच घंटेखाली उभा राहायचा. दिवाळीच्या सुट्टीतही एकदा उभा राहिला. सुट्टी लागल्याचं त्याला माहीत होतं. पण घंटा देऊ नको, असं कुणी सांगितलं नव्हतं.

सोपान दहावीला सात वेळा बसला होता. बाकीचे विषय पहिल्या फटक्यात सुटले. इंग्रजी सातही वेळा राहिलं. व्याकरण कच्चं म्हणावं, तर तसंही नाही. मध्यरात्री उठवलं तरी बारा काळ आरतीच्या चालीवर म्हणून दाखवील. पण पेपरात आरती म्हणायला सांगत नाहीत. पेपरात एक गोष्ट देतात आणि खाली प्रश्न विचारतात. गोष्ट दिसली की सोपानला घाम फुटायचा.

त्या वर्षी शाळेच्या वाचनालयातले परिचर निवृत्त होणार होते. त्या जागेला खुर्ची होती, वर पंखा होता आणि दिवसातून वीस वेळा जिना चढणं नव्हतं. सोपानचे गुडघे आता घंटेच्या आधी वाजायला लागले होते. संस्थेने स्पष्ट सांगितलं, "या मार्चात पास झालास तर जागा तुझी. नाहीतर जूनमध्ये बाहेरचा माणूस घेऊ."

मुख्याध्यापिका निमकर बाईंना त्याची दया आली. दया ही गोष्ट पुढे बाईंना महागात पडली, पण ते त्यांना तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

"सोपान, ते व्याकरण ठेव बासनात गुंडाळून," बाई म्हणाल्या. "नियम घोकून भाषा येत नाही. गोष्टी वाचल्या की व्याकरण आपोआप अंगात मुरतं. रोज शाळा सुटली की एक छोटी इंग्रजी गोष्ट वाचायची. खाली पाच प्रश्न. करशील?"

"करीन बाई."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा काखेत लाल फडक्यात बांधलेलं व्याकरणाचं पुस्तक होतं. "बासनात बांधलंय," तो म्हणाला. "आता कुठे ठेवू?"

बाईंनी ते कपाटावर ठेवायला सांगितलं आणि पहिली गोष्ट उघडली. टोपी हरवलेल्या एका माणसाची गोष्ट होती. सोपानने अडखळत वाचली. बाईंनी विचारलं, "टोपी कुठे होती?"

"बायकोने धुवायला टाकली असेल."

"असं गोष्टीत कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही. पण आमच्याकडे तसंच होतं."

"तुमच्याकडचं पेपरात चालत नाही. उत्तर उताऱ्यातच असतं, सोपान. उताऱ्याबाहेरचं एक अक्षर सांगायचं नाही."

सोपानला चूक कळली. चूक कळली की सोपान वही काढायचा. त्याने लिहून घेतलं : नियम पहिला.

दोनच दिवसांनी शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. वेळ साडेअकराची. बाईंच्या खोलीच्या दारावर पाटी होती : 'मुख्याध्यापिका. भेटीची वेळ ३ ते ४.' दाराशी सोपान होता.

"बाई आहेत का?" साहेबांनी विचारलं.

सोपानने पाटी वाचली. "भेटीची वेळ तीन ते चार."

"ते दिसतंय मला. पण बाई आत आहेत का?"

सोपानने पाटी पुन्हा वाचली. उलटी करून मागची बाजूही पाहिली. "ते यात दिलेलं नाही, साहेब."

"अहो, आतून खोकल्याचा आवाज येतोय!"

"येतोय. पण तो उताऱ्याबाहेरचा आहे."

साहेब तीन वाजेपर्यंत बाकावर बसले. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं : 'शाळेची प्रगती समाधानकारक. शिपायाच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावे.'

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, समोर जिवंत माणूस उभा आहे! त्याने विचारलं तर नीट, पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं. पेपरातही असंच असतं. प्रश्नातले शब्द घ्यायचे, वाक्य पुरं करायचं, आणि पूर्णविराम दिल्याशिवाय थांबायचं नाही."

सोपानला चूक कळली. त्याने वही काढली. नियम दुसरा.

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात साप निघाला. पोरं बाकांवर चढली. गणिताचे गुरव सर टेबलावर चढले. एवढ्यात सोपान दारात आला. त्याला साप स्वच्छ दिसत होता.

"सोपान, कुठाय रे साप?" गुरव सर ओरडले.

सोपान ताठ उभा राहिला. "गुरव सर, आपण ज्या सापाविषयी विचारत आहात, तो साप..."

"अरे कुठाय?"

"...तो साप आठवीच्या वर्गात शिरल्यानंतर प्रथम फळ्याखाली..."

"आत्ता कुठाय ते सांग ना लेका!"

प्रश्न बदलला, तेव्हा सोपानला वाक्य पहिल्यापासून घ्यावं लागलं. "गुरव सर, आत्ता आपण ज्या सापाविषयी विचारत आहात, तो साप आपल्या टेबलाच्या डाव्या पायाला वळसा घालून आपल्याच दिशेने वर येत आहे." पूर्णविराम.

साधी धामण होती. गुरव सर ओरडले त्या आवाजाने घाबरून ती खिडकीतून निघून गेली. सर मात्र मधल्या सुट्टीपर्यंत खाली उतरले नाहीत. त्या दिवशी नफा-तोटा त्यांनी टेबलावरूनच शिकवला.

"सोपान," बाई म्हणाल्या, "सोपान, घाईच्या वेळी पाल्हाळ लावू नये. सारांश सांगावा."

"सारांश केवढा असतो, बाई?"

"मूळ मजकुराच्या एक तृतीयांश. पेपरातही तेच. शब्द मोजायचे, तिसरा हिस्सा ठेवायचा, बाकीचं गाळायचं."

हे सोपानला फार आवडलं. यात हिशोब होता आणि डोकं लावायचं नव्हतं. त्याने वही काढली. नियम तिसरा.

एके दुपारी ऑफिसात फोन वाजला. गुरव सरांच्या घरून होता. सरांची बायको म्हणाली, "सरांना निरोप द्या. आई जिन्यावरून पडल्या, पण काही लागलं नाही, काळजी नसावी."

सोपानने बोटांवर शब्द मोजले. नऊ भरले. नवाचा तिसरा हिस्सा तीन. तो वर्गाच्या दारात गेला आणि म्हणाला, "सर, निरोप आहे. आई जिन्यावरून पडल्या."

"मग? पुढे काय?"

"पुढचं गाळलंय."

गुरव सर खडू हातात घेऊन, चपला वर्गात टाकून धावत सुटले. वाटेत दवाखान्यातून डॉक्टरांना उठवलं. डॉक्टर निघाले तेव्हा एका पेशंटच्या तोंडात थर्मामीटर तसाच राहिला. शेजारच्या गावाहून सरांचा भाऊ जीप घेऊन आला. दोन आत्या वाटेतूनच गळा काढत आल्या. आई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. एवढी रडारड बघून त्यांनी घाबरून विचारलं, "अगंबाई, कोण गेलं?" आणि कुणी सांगेना, म्हणून त्याही रडायला लागल्या.

संध्याकाळी गुरव सर शाळेत आले. "सोपान," ते हात जोडून म्हणाले, "मी तुझं काय वाकडं केलंय, तेवढं एकदा सांग."

सोपानने सांगितलं, "गुरव सर, आपण माझं काहीही वाकडं केलेलं नाही." घाई नव्हती, म्हणून पूर्ण वाक्यात सांगितलं.

बाईंनी ठरवलं, आता तोंडी कारभार बंद. "यापुढे मी तुला चिठ्ठी देत जाईन. चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची. समजली की नाही, हे बघायला स्वतःलाच पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहायची. पेपराचा सरावही होईल."

नियम चौथा. आतापर्यंत सोपान इंग्रजी गोष्टी बऱ्यापैकी वाचायला लागला होता, हेही सांगायला हवं. 'हॅज' कुठे आणि 'हॅव' कुठे, हे त्याला आता आरतीशिवाय कळत होतं. बाईंची पद्धत चांगलीच होती.

रविवारी बाई एका लग्नाला निघाल्या. एस्टीची वेळ झालेली. घरात पाण्याची मोटार चालू होती. बाईंनी घाईघाईत चिठ्ठी लिहिली, सोपानच्या हातात दिली आणि त्या गेल्या. चिठ्ठीत होतं : 'मोटार चालू आहे. टाकी भरली की बंद कर.'

सोपान बाईंच्या पायरीवर बसला. चिठ्ठी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग वही काढून प्रश्न काढले. काय चालू आहे? मोटार चालू आहे. मोटार केव्हा बंद करावी? टाकी भरली की मोटार बंद करावी. चौथ्या प्रश्नाला वरून पाण्याची धार लागली. वही भिजू नये म्हणून तो एक पायरी खाली सरकला. पाचवा प्रश्न अवघड होता : चिठ्ठीला योग्य शीर्षक द्या. त्यावर त्याने पुष्कळ विचार केला आणि 'भरलेली टाकी' असं लिहिलं.

बाई दिवेलागणीला परतल्या तेव्हा गल्लीत ओढा वाहत होता. शेजाऱ्यांच्या कोंबड्या कुंपणावर चढून बसल्या होत्या. पायरीवर सोपान होता.

"चिठ्ठी वाचली नाहीस?" बाई किंचाळल्या.

"वाचली. विचारा प्रश्न."

"टाकी भरल्यावर काय करायचं होतं?"

"टाकी भरल्यावर मोटार बंद करायची होती."

"मग केलीस का बंद?"

सोपान गोंधळला. त्याने चिठ्ठीकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "बाई, उत्तरं लिहायची असतात ना? पाचही लिहिलीत. तपासून बघा, सगळी बरोबर आहेत."

बाईंनी आधी मोटार बंद केली. मग ओल्या पायरीवर बसल्या. लग्नातली पैठणी भिजत होती, पण त्यांना उठण्याचं त्राण नव्हतं.

"सोपान, वाचून ढिम्म बसून राहायचं, याला वाचणं म्हणत नाहीत रे. खरं समजलं ना, की माणूस उठतो. उठून काहीतरी करतो. नुसता लिहीत बसत नाही."

हे वाक्य बाई आयुष्यात फार थोड्या लोकांना बोलल्या असतील. सोपानला ते खोल जाऊन लागलं. त्याने ओल्या वहीत ओल्या पेन्सिलीने लिहिलं. नियम पाचवा.

मार्च आला. सोपान तालुक्याला परीक्षेला बसला. बाईंनी बजावलं होतं, "आधी गोष्टीचा प्रश्न घे. तुझी भीती तीच आहे. ती गेली की पुढचं सगळं येतं तुला." संस्थेचं पत्र तयार होतं. त्यात सोपानचं नाव घालायचं तेवढं राहिलं होतं.

सोपानने प्रश्नपत्रिका उघडली आणि गोष्ट वाचायला घेतली. मार्था नावाची एक म्हातारी. टेकडीच्या पायथ्याशी तिचं घर. तिची एकुलती एक शेळी. ती शेळी चरता चरता विहिरीत पडली. म्हातारी काठावर उभी राहून हाका मारते आहे आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

सोपान थांबला. त्याला घाम फुटला नव्हता. एक शब्द अडला नव्हता. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला उतारा समजला होता. इतका समजला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो उठला.

"कुठे निघालात?" पर्यवेक्षकांनी हटकलं.

"शेळी पडलीय विहिरीत. म्हातारी एकटीच आहे हो!"

पर्यवेक्षक शेतकऱ्याच्या घरचे होते. "अरे देवा! मग उभे काय राहिलात? शिपायाच्या खोलीत दोर आहे. घेऊन पळा!"

सोपान दोर घेऊन पळाला. बाकावर उत्तरपत्रिका राहिली. तिच्यावर बैठक क्रमांक होता. तो बरोबर होता.

संध्याकाळी बाई दारातच वाट बघत होत्या. सोपान आला तो चिखलाने बरबटलेला, खांद्यावर दोर, गुडघे फुटलेले.

"बाई, कमाल झाली! उतारा समजला. सगळा समजला."

बाई लगबगीने पुढे झाल्या. "खरंच? मग उत्तरं लिहिलीस ना सगळी?"

"लिहितोय कुठला, बाई? तिकडे शेळी विहिरीत! तुम्हीच सांगितलंत, समजलं की उठायचं. आठव्या मिनिटाला उठलो."

बाई भिंतीला टेकल्या. "सोपान, वाचनालयातली जागा गेली रे."

"जाऊ दे ती. तालुक्याच्या तेरा विहिरी बघितल्या. दोन विहिरींत स्वतः उतरलो. गाववाले आले मदतीला, त्यांनाही मार्थाबाईंचं घर ठाऊक नाही. मला त्या मुक्या जिवाचीच काळजी लागलीय."

बाईंनी हात पुढे केला. सोपानने मुठीत चुरगळलेली प्रश्नपत्रिका दिली. बाईंनी ती उलगडून वाचली.

"तू कुठपर्यंत वाचलंस?"

"म्हातारी हाका मारते तिथपर्यंत. पुढचं वाचत बसलो असतो तर शेळी बुडाली असती."

बाईंनी उताऱ्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

सोपानने एक एक शब्द जोडत वाचलं. टेकडीवरचे शेजारी धावत आले. त्यांनी दोर सोडला आणि शेळीला सुखरूप वर काढलं. त्याने ओळ पुन्हा एकदा वाचली. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. त्याने खांद्यावरचा दोर खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला.

"तरीच!" तो म्हणाला. "माझ्या आधी कुणीतरी पोचलं होतं. नाहीतर तेरा विहिरींत एका तरी विहिरीत सापडली असती की!"