मांडलेलं पान

“...मग यात वाईट काय आहे, बुवा? तुम्हीच सांगा.”

विचारणारे होते धोंडीराम सावर्डेकर. तालुक्याच्या गावी त्यांची दोन मंगल कार्यालयं, हाताखाली चाळीस माणसं. सांगायचं होतं आप्पाबुवांनी, वारणाकाठच्या आपल्या लहानशा मठात. पण बुवा चुलीपुढे बसून खपली गव्हाची खीर ढवळत होते. खीर शिजत असताना बुवा देवालाही चटकन उत्तर देत नाहीत, तिथे शेठची काय कथा.

शेठ म्हणायचं ते गावानं. धोंडीराम स्वयंपाक शिकले ते पंचवीस वर्षांपूर्वी याच चुलीपुढे, त्यामुळे बुवांच्या लेखी ते अजून धोंडूच होते.

धोंडीरामांच्या हातात एक कागद होता. कार्यालयातल्या आचाऱ्यांसाठी, वाढप्यांसाठी, पोळ्या लाटणाऱ्या बायकांसाठी नवा करार. बोलावणं येईल त्या दिवशी कामाला यायचं. बोलावणं आलं नाही, तर त्या दिवसाचा पगार नाही. किती दिवस बोलावू, ते सांगता येत नाही. आणि दुसऱ्या कार्यालयाचं काम धरायचं नाही.

“मुहूर्त पंचांगात असतात, बुवा. माझ्या हातात नसतात. चार महिने कार्यालयाला कुलूप, तेव्हा पगार कुठून देऊ?”

बुवांनी मान हलवली. हे खरंच होतं.

काहींना हे सोयीचंच पडतं, असंही धोंडीरामांनी सांगितलं. बळवंत मास्तर घ्या. निवृत्त झालेले, पेन्शन चालू. लग्नात फेटे बांधायची हौस म्हणून येतात, नाही आलं बोलावणं तर घरी नातवंडांत रमतात. त्यांनी तर कागद न वाचताच सही केली होती.

बुवांनी पुन्हा मान हलवली. हेही खरंच होतं.

दोनदा मान हललेली पाहून धोंडीरामांना धीर आला, आणि ते मुद्द्यावर आले. अनुसया सही करत नव्हती.

चौदा वर्षं ती त्यांच्याकडे पुरणपोळ्या करत होती. नवरा गेलेला, दोन मुली शाळेत. कार्यालय चालू असेल तेव्हा महिन्याचे निदान दहा दिवस कागदावर लिहा, एवढंच तिचं म्हणणं. एकीला लिहून दिलं की चाळीस जणांना द्यावं लागेल, म्हणून धोंडीरामांनी नकार दिला होता. उद्यापर्यंत सही झाली नाही, तर तिच्या जागी दुसरी बाई येणार होती. अनुसयेनं इतकंच सांगितलं होतं की बुवा म्हणतील तसं करीन.

ती आत्ता मठातच होती. गुरुवारी भाकऱ्या थापायला ती नेहमी येते.

“तुम्ही एक शब्द टाका तिच्याकडे,” धोंडीराम म्हणाले.

बुवांनी खिरीवर झाकण ठेवलं.

“जेवून जा,” म्हणाले.

अंगणात पंगत मांडली गेली. बळवंत मास्तरही दर्शनाला आले होते. बुवांनी त्यांना आणि धोंडीरामांना शेवटाला शेजारी शेजारी बसवलं. दोघांची पानं स्वतःच्या हातानं मांडली, मीठ-लिंबू वाढलं आणि वाढप्यांना बजावलं, या दोन पानांवर मी सांगेन तेव्हाच वाढायचं.

मग दोघांना म्हणाले, “जमलं तर वाढू. पण पानावरनं उठायचं न्हाई.”

धोंडीराम हसले. म्हातारा अजून थट्टेखोर आहे, हे बघून त्यांना बरं वाटलं.

भात आला, पुढे गेला. आमटी आली, पुढे गेली. भाकरीची टोपली घेऊन अनुसया आली, त्यांच्यासमोर थांबली, तिनं बुवांकडे पाहिलं... आणि खाली मान घालून तीही पुढे गेली.

पहिली पंगत उठली. दुसरी बसली.

धोंडीराम सकाळी एका चहावर घरून निघाले होते. फाट्यावर गरमागरम मिसळ मिळत होती, खिशात पैसा होता, बाहेर गाडी उभी होती. पण मांडलेल्या पानावरून उठायचं कसं? त्यांच्या कार्यालयात एकदा नवऱ्या मुलाचा मामा रुसून पानावरून उठायला लागला, तेव्हा याच धोंडीरामांनी त्याचे दोन्ही खांदे दाबून त्याला खाली बसवलं होतं.

ते जरासे हलले. बुवांनी लांबूनच विचारलं, “कुठं?”

“हात धुवून येतो.”

“अजून खरकटा कुठं झालाय?”

धोंडीराम परत बसले.

मास्तर मात्र मजेत होते. एका लग्नात तासाभरात बावीस फेटे कसे बांधले, ते रंगवून सांगत होते. धोंडीरामांचा चेहरा बघून म्हणाले, “बसा हो निवांत. सावली आहे, गप्पा आहेत, अजून काय पाहिजे?”

“तुमचं काय जातंय, मास्तर,” धोंडीराम करवादले. “तुम्ही घरनं जेवून आलाय.”

बुवा त्यांच्याकडेच बघत होते.

तिसरी पंगत बसली. खिरीचा वास अंगणभर पसरला. मास्तरांचे फेटे संपून आता शाळेतल्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

“बुवा...” धोंडीरामांचा आवाज चढला. “वाढा तरी... नाहीतर उठू तरी द्या.”

वाढपी हातातली भांडी घेऊन तिथेच थबकले.

स्वयंपाकघराच्या दारात अनुसया टोपली घेऊन उभी होती. धोंडीरामांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना नजर वळवता येईना. चौदा वर्षांत त्यांनी तिला इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

बुवा खिरीचं पातेलं घेऊन आले आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. तेही सकाळपासून उपाशी होते. धोंडूला असं बसवून ठेवणं त्यांच्याही जिवावर आलं होतं.

“चुकलं, बुवा,” धोंडीराम हळू म्हणाले. “दहा दिवस लिहून देतो. तिलाही आणि ज्याला पाहिजे त्यालाही. बाकीच्या दिवशी कुठंही जाऊ दे त्यांना, ती अट खोडतो.”

बुवांचे डोळे भरून आले. त्यांनी प्रेमानं खिरीचा डाव भरून द्रोणावर आणला.

“एवढं जेवतो, आणि लगेच लिहितो,” धोंडीराम म्हणाले.

डाव तिथेच थांबला.

“आत्ता लिही, धोंडू... जेवल्यावर तुला आठवायचं न्हाई.”