टेकडीवरची शाळा आणि चिंचेखालची शाळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते मोजायला कोण बसलंय! तेव्हा राजे होते, नद्यांवर पूल नव्हते आणि माणसं पलीकडे जायची ती होडीतून.

एका खाडीकाठच्या गावात होड्या बांधणारा एक कारागीर राहायचा. घरात बायको आणि आठ वर्षांची एकुलती एक लेक, सलोमी. ख्रिस्ताला मानणारं कुटुंब. रविवारची उपासना कधी चुकायची नाही, दोन वेळचं जेवण कधी चुकायचं नाही. सगळं छान चाललं होतं. दुःख म्हणाल तर एकच, आणि तेही फक्त आईला. सलोमीचं तोंड मिटत नसे.

सकाळी डोळे उघडले की हिचे प्रश्न सुरू. एकदा तर भर उपासनेत उभी राहिली आणि म्हणाली की, पाऊस पडण्याआधी नोहाने तारू गळतंय का ते पाहिलं होतं का, आणि पाहिलं असेल तर त्याला गळती दाखवली कोणी? गावचे म्हातारे पाळकबाबा पोट धरून हसले. ते शास्त्रात लिहिलेलं नाही बाळ, वर गेलो की विचारून घेतो, म्हणाले. आई मात्र शरमेने अर्धी झाली. पदरात तोंड लपवून बसली बिचारी.

अशात राजाचं बोलावणं आलं. राजधानीजवळच्या नदीवर मोठ्या होड्या हव्या होत्या, काम तीन वर्षांचं होतं. कारागिराने हत्यारं बांधली, बायकोने भांडीकुंडी बांधली, आणि तिघं नव्या गावी आली.

नवऱ्याला घोर लाकडाचा, बायकोला घोर लेकीचा. इथे ना नात्यागोत्यातलं कुणी, ना हसून घेणारे पाळकबाबा. शाळा निवडताना चूक झाली तर पोर हातची जाईल, असं तिच्या मनाने घेतलं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘तुला पटेल तिथे घाल. मला शाळेतलं काय कळतंय?’’ तेव्हाचे नवरे असेच होते. आताचे कसे आहेत, ते तुमचं तुम्ही बघा.

गावात प्रभूच्या नावाने चालणाऱ्या दोन शाळा होत्या. आई आधी गेली ती चिंचेखालच्या शाळेत. शाळा कसली, नुसता कल्ला! बाई फळ्यावर बेरीज मांडत होत्या. मागून एक चिमुरडा ओरडला, ‘‘बाई, हातचा राहिला!’’ आणि बाईंनी काय करावं? कान धरायचा सोडून त्याला शाबासकी दिली आणि बेरीज पुसून पुन्हा मांडली. आईने कपाळाला हात लावला. जिथे पोरं बाईंच्याच चुका काढतात, तिथे आमचं हे रत्न घातलं तर झालंच कल्याण, असं म्हणत ती तिथून निघाली.

मग ती टेकडीवरच्या शाळेत गेली. अहाहा! ऐंशी मुलं ओळीत बसलेली, पण पाखराचा पंख हलला तरी ऐकू यावं अशी शांतता. प्रार्थना एका सुरात, पाट्या एका रेषेत. तिथल्या गुरुजींनी नियम सांगितला. मोठ्यांनी नाव घेऊन विचारल्याशिवाय मुलाने तोंड उघडायचं नाही. तीन महिन्यांत तुमची मुलगी ओळखू येणार नाही, असंही ते म्हणाले. आईचे डोळे भरून आले. याच दिवसासाठी तर तिने इतकी वर्षं प्रार्थना केली होती.

गुरुजी खोटं बोलले नव्हते. महिनाभरात सलोमीचे प्रश्न अर्धे झाले, तीन महिन्यांत संपले. पानात वाढलेलं मुकाट्याने खायची, सांगितलेलं मुकाट्याने करायची. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी. आई सुखावायची. कधीमधी भाजी चिरताना तिला घर फारच मोठं वाटायचं, पण सवय नाही म्हणून असेल, असं म्हणून ती पुन्हा विळीकडे वळायची.

तिकडे पहिली होडी तयार झाली. होडी बांधणाऱ्यांची एक रीत असते. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या आणि राळ भरून झाली की होडी जमिनीवरच ओंडक्यांवर उचलून ठेवून तिच्यात पाणी भरायचं. मग बाहेरून फिरून बघायचं, कुठे थेंब येतोय का. खाडीकाठच्या गावी हे काम सलोमीचं असायचं. होडीखाली रांगत जाऊन ती अशी ओरडायची की, गळती लपून राहायचीच नाही.

त्या दिवशी ती बाबांची भाकरी घेऊन आली होती. होडीभोवती एक फेरी मारून मागच्या बाजूला उकिडवी बसली. कारागिराने मोठ्याने विचारलं, ‘‘कुठे ओलं दिसतंय का?’’ हाताखालच्या माणसांनी वरवर पाहिलं आणि नाही म्हटलं. कारागीर क्षणभर थांबला, लेकीच्या आवाजासाठी. आवाज आला नाही. त्याला बरंच वाटलं. पोरीला दिसलं नाही म्हणजे होडी पक्की, असं धरून त्याने पाणी काढायला सांगितलं.

आता त्यांची दुसरी रीत ऐका. नव्या होडीच्या पहिल्या फेरीत बांधणाऱ्याने आपलंच कुटुंब बसवायचं. राजाची माणसं नंतर.

सारं गाव काठावर जमलं. इथल्या पाळकांनी प्रार्थना केली, होडी पाण्यात शिरली. नवरा वल्ह्यावर, बायको नवं लुगडं नेसून मधे, सलोमी तिला चिकटून. पोर खाली मान घालून एकाच जागी बघत होती. आईला वाटलं, प्रार्थना करतेय. नदीच्या मध्यावर आईचे तळवे ओले झाले, मग घोटे बुडाले. मागच्या सांध्यातून पाणी उसळून आत येत होतं.

पुढची घटका कशी गेली, ते त्यांनाच ठाऊक. तो वल्ही मारतोय, ती डब्याने, हातांनी, लुगड्याच्या पदराने पाणी उपसतेय आणि दोघंही प्रभूचा धावा करतायत. काठावरून दोन छोट्या डोणी आल्या तेव्हा पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. तिघं वाचली. होडी बुडाली.

काठावर आल्यावर कारागीर डोकं धरून बसला. कुठे चुकलं, कुठे चुकलं, एवढंच त्याच्या तोंडी.

आईने सलोमीला जवळ घेऊन विचारलं, ‘‘सलोमी, तुला काही ठाऊक होतं का गं?’’

‘‘थेंब येत होता. मी पाहिला होता.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘बाबांनी माझं नाव घेऊन कुठे विचारलं?’’

पाण्यात असताना नव्हती आई इतकी घाबरली. या पोरीचं तोंड आपणच बंद केलं, हौसेने, देवाकडे मागून मागून, हे तिला लख्ख दिसलं. ती लेकीला पोटाशी धरून रडली, अगदी चारचौघांत रडली.

दुसऱ्या दिवशी ती चिंचेखाली गेली. ‘‘सलाम बाई,’’ म्हणाली. झालेलं सगळं सांगितलं, स्वतःची चूकही लपवली नाही. ‘‘माझी लेक बोलायची. मीच तिला गप्प केलं. तुमच्याकडे ठेवून घ्याल का?’’

बाई म्हणाल्या, ‘‘ठेवते की. पण बोलायला वेळ लागेल हं, ताई. गप्प करायला सोपं असतं.’’

वेळ लागलाच. पंधरा दिवस सलोमी नुसती ऐकत राहिली. सोळाव्या दिवशी जेवणावर बसल्यावर तिने विचारलं, ‘‘आई, बाई म्हणतात देवाला सगळं ठाऊक असतं. मग प्रार्थनेत आपण त्याला सांगतो कशाला?’’ आईने लेकीच्या भाकरीवर लोण्याचा भला मोठा गोळा ठेवला आणि म्हणाली, ‘‘मला नाही ठाऊक गं. उद्या बाईंना विचार, आणि मलाही येऊन सांग.’’

राजा समजूतदार होता, त्याने कारागिराला आणखी एक संधी दिली. दुसरी होडी पाण्याने भरली त्या दिवशी कारागिराने चिंचेखालची सगळी शाळाच बोलावून घेतली. चाळीस पोरं होडीखाली घुसली. एक म्हणतो इथे थेंब, दुसरा म्हणतो तो तुझ्या नाकाचा घाम, आणि सलोमीचा आवाज सगळ्यांच्या वर. सात जागा सापडल्या. सातही बुजवल्या. त्या होडीच्या पहिल्या फेरीत आई पुन्हा मधोमध बसली, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत लेकीची बडबड ऐकत राहिली. ती होडी पुढे कित्येक वर्षं माणसं नेत-आणत होती, असं म्हणतात.

म्हणून लेकराला शाळेत घालताना तिथली मुलं किती गप्प बसतात ते पाहू नये, चुकलेलं दिसलं तर किती निर्भयपणे सांगतात ते पाहावं.