लॉक मिळालं नाही तर काय करायचं

कराडात एक भोळा प्रोग्रॅमर होता. दिनानाथ त्याचं नाव. जवळ पदवी असल्यामुळे तो भोळा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सुलभाताईंच्या छोट्या कंपनीत तो कामाला होता. ताई हुशार, पण कायम घाईत. एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानाने अडचण ऐकायच्या आणि दारातूनच उत्तर द्यायच्या. दिनानाथ ते उत्तर वहीत लिहायचा आणि वहीतलं शब्द न शब्द प्रोग्रॅममध्ये उतरवायचा.

काम होतं मगदूमआप्पांच्या मंगल कार्यालयाचं. बुकिंग दोन ठिकाणी व्हायचं, एक कार्यालयात आणि एक बाजारपेठेतल्या दुकानात. एकीकडे नोंद चालू असताना दुसरीकडून कुणी तिच्यात हात घालू नये म्हणून नोंदीला लॉक लागायचं. दुसऱ्याला लॉक मिळालं नाही की एरर यायची, आणि एरर आली की प्रोग्रॅम बंद पडायचा.

“लॉक मिळालं नाही म्हणून मरायचं कशाला?” ताई म्हणाल्या. “थांबायचं.”

वहीत लिहिलं. प्रोग्रॅममध्ये उतरवलं.

दुसऱ्याच दिवशी कार्यालयातला कारकून अर्धी नोंद तशीच टाकून घरी जेवायला गेला आणि जेवून झोपला. बाजारपेठेतल्या दुकानात एक वधूपिता अकरापासून चारपर्यंत खुर्चीत बसून राहिले. दिनानाथने त्यांना दोनदा चहा पाजला आणि प्रोग्रॅम अगदी बरोबर थांबलाय हे समजावून सांगितलं.

ताईंनी कपाळाला हात लावला. जन्मभर कुणी थांबतं का, दहा सेकंद थांबायचं आणि पुढे जायचं, असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

वहीत लिहिलं. प्रोग्रॅममध्ये उतरवलं.

आता प्रोग्रॅम दहा सेकंद थांबायचा आणि लॉक नसतानाच पुढे जाऊन नोंद करून टाकायचा. पंधरवड्यात एकाच मुहूर्ताला, एकाच दारात, दोन घोड्यांवरून दोन नवरदेव आले. घोडे एकाच मालकाचे होते, त्यांनी एकमेकांना ओळखलं. वऱ्हाडांनी नाही ओळखलं. आप्पांचा फेटा कुणी उडवला ते अजून कळलेलं नाही.

या वेळी ताई ओरडल्या नाहीत. सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, “लॉक मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि मिळालेलं लॉक काम पुरं होईपर्यंत सोडायचं नाही.”

वहीत लिहिलं. प्रोग्रॅममध्ये उतरवलं.

हॉल आणि भटारखाना यांच्या नोंदी वेगळ्या होत्या. सोमवारी दुकानातल्या माणसाने हॉलचं लॉक धरलं आणि भटारखान्याचं मागितलं. त्याच वेळी कार्यालयातल्या कारकुनाने भटारखान्याचं धरलं होतं आणि तो हॉलचं मागत होता. दोघांचंही काम पुरं होईना, म्हणून दोघंही सोडीनात. एका वऱ्हाडाला मांडव होता पण जेवण नव्हतं, दुसऱ्याला जेवण होतं पण मांडव नव्हता. दुपारी आप्पांनी संतापून दोन्हीकडच्या वायरी उपटायला लावल्या.

पुन्हा चालू केल्यावर पडद्यावर नवीनच एरर आली. लॉक धरणारा प्रोग्रॅमच काम अर्धवट असताना मेला होता, त्यामुळे त्याने लिहिलेलं अर्धवट असण्याची शक्यता होती. दिनानाथने ताईंना फोन केला. ताई साताऱ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर बसल्या होत्या. मेलेल्याने लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, सरळ पुसायचं आणि कोऱ्यापासून सुरू करायचं, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

वहीत लिहिलं. प्रोग्रॅममध्ये उतरवलं.

अर्धवट कुठलं आणि पुरं कुठलं हे त्याला कोण सांगणार? त्याने सगळंच पुसलं. वैशाखातली त्रेचाळीस लग्नं, सात मुंजी आणि एक साठी. जपून ठेवलेली दुसरी प्रतही पुसली, कारण तीही त्याच दोन मेलेल्यांनी लिहिलेली होती.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. कार्यालयाच्या पायऱ्यांवर तेव्हा तारीख विचारायला आलेले चार बाप उभे होते आणि आप्पा आत पाणी पीत होते.

“एरर येतेय का अजून?” ताईंनी विचारलं.

दिनानाथने पडदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. त्याचा ऊर भरून आला.

“नाही ताई,” तो म्हणाला. “आता कुणी कुणासाठी अडत नाही. लग्नंच नाहीत.”