केरबानं अख्खं आणलं

एका गावात केरबा नावाचा एक भोळा भाऊ होता. अंगानं रेड्यासारखा, मनानं कोकरासारखा. त्याला एकच थोरला भाऊ, बाळकू. बाळकूच्या हृदयाला सूज आली होती. चार पावलं चालला की धाप लागायची. दादाला धाप लागली की केरबा आपला श्वास रोखून धरायचा. दादाला तेवढाच जास्त मिळावा म्हणून.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या चुकवू नका. सोबत कांदा, जांभूळ, डाळिंब खायला द्या. त्यांच्या रंगात जे द्रव्य असतं, ते हृदयाच्या पेशींना सुजेपासून जपत असावं. कांद्यात ते वरच्या पापुद्र्यांत जास्त."

"वरचं, वरचं," केरबा वाटभर घोकत आला.

घरी येऊन त्यानं टोपलीभर कांदे सोलले. वाळकी टरफलं दादाच्या ताटात वाढली आणि कांदे उकिरड्यावर टाकले.

वैनीनं कपाळावर हात मारला. "अहो भावजी, वरचं टाकायचं नि आतलं आणायचं!"

"बरं वैनी. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

दुसऱ्या दिवशी जांभळं. केरबा झाडावर चढला. वरचं टाकायचं होतं, ते पोटात टाकलं. आतलं घरी आणलं. वैनी पाहते तो टोपलीत नुसत्या बिया, आणि भावजींची जीभ जांभळी.

"बिया कोण खातं? बी फेकायचं असतं!"

"बरं वैनी. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

तिसऱ्या दिवशी डाळिंबं. केरबा दुपारभर अंगणात बसला. एकेक दाणा टिपून काढला आणि कोंबड्यांना टाकला. मग दादापुढं रिकाम्या सालींचा ढीग ठेवून म्हणाला, "घे. बी एकसुद्धा राहू दिलं नाही."

वैनीनं हात जोडले. "माझ्या बाबा, आता काही सोलू नका, काही काढू नका. जे आणाल ते अख्खं आणा!"

"बरं वैनी."

चौथ्या दिवशी बाळकूची छाती दुखू लागली. जिभेखाली ठेवायची गोळी डबीत नव्हती. वैनी ओरडली, "भावजी, पळा! दवाखान्यातून गोळी आणा!"

केरबा असा पळाला, की वहाणा दारातच राहिल्या. थोड्या वेळानं परतला, तो डोक्यावर औषधांचं अख्खं कपाट घेऊन. मागून डॉक्टरीणबाई धावत होत्या. त्यांच्यामागं एक म्हातारा, तोंडात थर्मामीटर धरून.

"अरे, एक गोळी पुरे होती!"

"काही काढायचं नाही, असं वैनी म्हणाली."

बाईंनी कपाट उघडलं, बाळकूच्या जिभेखाली गोळी ठेवली. केरबानं श्वास रोखला. हळूहळू बाळकूच्या चेहऱ्यावर रंग आला.

"वाचला," बाई म्हणाल्या. "मी इथं आले म्हणून बरं झालं. आता दवाखान्यातलं जे जे इथं आलंय, ते सगळं परत नेऊन ठेव. एकही वस्तू मागं राहता कामा नये."

केरबानं कपाट नेलं. म्हाताऱ्याला उचलून नेलं. बाई नको नको म्हणत असताना त्यांनाही नेलं.

मग घामाघूम होऊन परतला, खाटेजवळ बसला आणि बोट पुढं करून म्हणाला,

"दादा, आ कर. गोळी राहिली."