वारुळाचं दार अडवणारी

माणसाने अजून नांगर धरला नव्हता, तेव्हा एका पळसाखाली मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. जिच्या अंगावर हिरवी बुरशी धरे, ती मुंगी आपणहून बाहेर जाऊन दूर उन्हात मरे. त्यामुळे बाकीच्या जगत.

एकदा दारावरच्या पहारेकरीण तुळजापुढे तिची धाकटी बहीण सोनकी येऊन उभी राहिली. तिच्या पाठीवर बुरशी होती.

"ताई, वाट सोड. माझी वेळ झाली."

"मी असताना तुला मरायला जाऊ देईन होय?" तुळजाने जबडे पसरून दार अडवलं.

मग तिने सगळ्याच आजारी मुंग्यांना अडवलं. बुरशी अंड्यांपर्यंत पोचली.

राणीने शेणकिड्या वैद्याला बोलावलं. तो म्हणाला, "राणीसाहेब, आजारी मुंग्यांना मारायला नको. वाट त्यांना ठाऊक आहे. अडवणारे जबडे तेवढे बंद करायला हवेत."

महिनाभर खपून त्याने तुळजाच्या जबड्यांत नेमका बसेल असा डिंकाचा खडा घडवला. तुळजा रडत राहिली, पण खड्याला चिकटून मिटलेले जबडे उघडले नाहीत. सोनकी तिला मिशांनी कुरवाळून बाहेर पडली. तिच्यामागून कितीतरी गेल्या.

अचानक रांग थांबली. दुसरी पहारेकरीण गोदा दार अडवून उभी होती. तिचीही बहीण रांगेत होती.

"हिचे जबडे वेगळे आहेत," वैद्य हताशपणे म्हणाला. "नव्या खड्याला पुन्हा महिना लागेल."

राणीने आपल्या पोटावरचा हिरवा ठिपका त्याला दाखवला, आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.